उत्पादन जोडा

शनिवारी पवननगरात लाइट नसते, दहा ते चार.
डंका गप्प. तीनही मुसळं
जिथं होती तिथंच अधांतरी.
त्या वेळात मी वेबसाइट बनवते.

कोडिंग लागत नाही, असं वरच लिहिलंय.
बरं झालं. मला विणकामसुद्धा येत नाही.
चौकोन धरायचा, ओढायचा, सोडायचा.
रांगोळीपेक्षा सोपं, चुकलं तर फडकंही नको,
उलटा बाण दाबला की हात मागे जातो.

फोन मात्र माझं बोट ओळखत नाही.
एकोणीस वर्षं मिरची चाळून ठसा गुळगुळीत झालाय,
आधारवाल्यानंही हेच सांगितलं होतं.
आकडे टाकले, तर विचारतो, तुम्ही यंत्र तर नाही ना?
ज्या ज्या चित्रात जिना असेल त्यावर टिचकी मारा.
मी मागे वळून डंक्याकडे बघते.
यंत्र ते आहे, बाबा. आणि आज तेसुद्धा बंद.

तयार नमुना घेतला. त्यात एक गोरी बाई
हसत हसत काकडी कापत होती.
एवढं हसून काकडी कोण कापतं?
तिला काढलं, माझा फोटो टाकला:
तोंडाला ओढणी, डोळे लाल, केसांवर हळदीची भुकटी.
ओळखू येत नव्हते. राहू दिला.

खालच्या ओळी कुठल्याशा भाषेत होत्या.
वाटलं, नियम असतील, आठवडाभर हात लावला नाही.
कळलं ते नंतर. अर्थच नाही त्यांना,
नुसत्या जागा धरायला टाकलेल्या,
एसटीच्या सीटवर रुमाल टाकतात तशा.

भाषा मराठी केली
तर होमचं झालं घर, कार्टची झाली बैलगाडी.
'बैलगाडीत टाका.'
इतकी हसले की समोरचा चक्कीवाला डोकावला.
तसंच ठेवलं.

इथवर जमलं.
मग आलं: उत्पादन जोडा. नाव. वजन. किंमत.

माझं उत्पादन काय?

लोक आपलं सामान आपल्या पिशवीत आणतात.
कोठावदे वहिनींचं दगडफूल जास्त,
शेख खालांचं शहाजिरं वेगळ्या पुडीत,
पाथर्डी फाट्याचे गांगुर्डे खोबरं मुद्दाम जरा करपवून.
मला सगळ्यांचं पाठ आहे, सांगत कुणालाच नाही.
कुटते, चाळते, किलोमागे पैसे घेते,
त्यांचं त्यांना देते.
पाटीवर नाव माझं,
आत मसाला एकही माझा नाही.

खोटं कशाला बोलू, एक आहे.
दिवस संपला की उखळीच्या कडेला,
ब्रशच्या केसांत, चाळणीच्या काठाला
झाडून झाडून तरी जे राहतं, मूठभर,
ते मी घरी नेते.
एकोणीस वर्षं आमच्या आमटीत
अख्खं सिडको पडतंय, थोडं थोडं.
पहिल्या घासाला नवरा म्हणतो,
आज कुणाकडे लग्न निघालंय वाटतं, लवंग जास्त.

लिहिलं मग.
नाव: उरलेला.
पुसलं. झाडलोट कोण विकत घेईल?
नाव: कडेचा.
वजन: मूठ. घेईना, ग्रॅमच हवेत. साठ.
चव: रोज वेगळी, हमी नाही.
किमतीपाशी हात होईना,
चार घरांचं आहे ते. शून्य टाकलं.
साठा: एक.

चारला लाइट आली, मुसळं धडाधड सुरू झाली,
फोन फळीवरून थरथरत सरकायला लागला.
पकडायला गेले, आणि
'प्रकाशित करा' दाबलं गेलं.

रात्री शटर ओढताना ऑर्डर दिसली.
पत्ता: दुसरी गल्ली, दत्तमंदिरामागे, नाशिक नऊ.
पाठोपाठ कोठावदे वहिनी स्वतःच आल्या,
स्लिपर ओढत, हातात वाटी.
'म्हटलं, बैलगाडी कुठवर आली बघावं.'

वाटी नाकाशी नेली. थांबल्या.
'यात आमचं दगडफूल आहे.'

हो म्हटलं.

'आणि हे करपलेलं कुणाचं?'

शटर अर्ध्यावर होतं.
ते मी खाली ओढलं.