वस्त्रगाळ

डबीच्या झाकणात चिमूटभर ओतायची,
ब्रश गोल घोळवायचा,
मग कडेवर टक् टक्.
जास्तीचं इथंच झटकायचं, गालावर नाही.

सीवूड्सला अठराव्या मजल्यावर
मृण्मयी म्हणते,
"काही लावलंय असं वाटायला नको हं."
नाही वाटणार. खिडकीकडे तोंड कर.
हनुवटीपासून वर, हलक्या हातानं,
नाकाच्या बाजूला जरा दाबून,
कानाजवळ नुसती फुंकर मारल्यासारखं.

डबीच्या बुडाशी बारीक अक्षरं:
अभ्रक, जस्त, लोह.
म्हणजे दगडच की,
वस्त्रगाळ केलेला.

तुर्भ्याच्या खाणीवरून आप्पा यायचे
पापण्यांसकट राखाडी.
नळाखाली दोनदा तोंड धुतलं तरी
आठ्यांमध्ये एखादी रेघ राहायचीच.
आई ओल्या पदरानं ती पुसायची, म्हणायची,
"हां, आता दिसला माणूस."

मृण्मयी आरशात मान वळवून बघते,
या गालानं, त्या गालानं.
"अगं, ही तर मीच!"
पैसे फोनवर येतात.

लिफ्टच्या दिव्यात माझी बाही
थोडी चमचमते.
आप्पांची कधी चमकली नाही.
तो काळा दगड,
खडी होऊन गेला,
पामबीचच्या खाली असेल कुठंतरी.

खाली रिक्षा उभी आहे,
त्याच रस्त्यानं जाणारी.