ऊन न लागलेली जागा

दंडाच्या आतल्या बाजूला, काखेखाली चार बोटं सोडून,
माझ्या अंगावर सात व्रण आहेत, मसुराच्या डाळीएवढे.
बायको म्हणायची, देवी काढून घ्यायची हौसच तुला.

एकोणऐंशीचा मार्च. मी नाउवोच्या फेरीवर.
पाण्यावर अजून बर्फाच्या लाद्या, गाड्या तीन,
आणि राउहा हायकोला पायी आली, हातात थर्मासचा डबा.
तुर्कूहून आलेय, म्हणाली. म्हातारपण कुठून सुरू होतं ते शोधतेय.
जरा कातडी द्याल का?
ट्रकवाला हसला. पाद्रीबुवा खिडकीबाहेर बघू लागले.
मी बाही वर केली.
विज्ञानासाठी वगैरे नाही,
तिचे बूट भिजले होते आणि मला ते बघवेना.

चेहऱ्याची का नको, मी विचारलं.
ती म्हणाली, उन्हाने आणलेलं म्हातारपण मला नको.
तुझं स्वतःचं हवं.

मग दर पाच वर्षांनी.
माझ्या पेशी तिच्याकडे काचेच्या तळाशी पसरायच्या,
जागा भरली की ती अर्ध्या उचलून दुसऱ्या बाटलीत घालायची,
पुन्हा भरायच्या, पुन्हा अर्ध्या.
पन्नासेक वेळा. मग थांबायच्या.
मरायच्या नाहीत हं, एवढं ती दर वेळी बजावायची. फक्त थांबायच्या.
वय वाढेल तशा त्या लवकर थांबतील,
हा तिचा अंदाज.
चौऱ्याऐंशीच्या माझ्या पेशी पहिल्यांपेक्षा जास्त पळाल्या.
एकोणनव्वदच्याही.
शेजारच्या बेटावरच्या आजोबांच्या तर ऐकेचनात.
फेरीच्या कठड्याला टेकून ती म्हणाली,
ओन्नी, दहा वर्षं मी चुकीच्या घराची कडी वाजवत होते.
मी कॉफी ओतली. दुसरं काय करणार.

मधल्या एका ख्रिसमसला नायट्रोजनची गाडी अडकली.
हिने पोराची घसरगाडी काढली, डबा बांधला,
आउरा नदीच्या पुलावरून ओढत नेला, उणे सव्वीसात.
पोरगा घरी रडत होता, घसरगाडीसाठी.
हे तिने हसत सांगितलं, आणि मग हसणं थांबवलं.

हेलसिंकीच्या समितीने दोनदा पैसे नाकारले.
तोवर तिने हिशेब सोडून दिला होता
आणि त्या थांबलेल्यांकडेच बघत बसली होती.
एकदा मला दुर्बिणीला डोळा लावायला लावला.
निळ्या, पसरट, तळलेल्या अंड्यासारख्या.
या निवृत्त, ती म्हणाली, पण गप्प बसत नाहीत.
ओट्यावर बसून शेजारणींचे कान भरतात,
आणि धडधाकट शेजारीण हळूहळू यांच्यासारखी होते.
मला आमची नाउवोची चर्च-समिती आठवली. बोललो नाही.

त्यावर तिचे तीन निबंध आले.
दाता अकरा, असा त्यात मी आहे.
केर्त्तूने तेवढा आकडा पेनाने अधोरेखित केला होता.

तळघरातल्या त्या टाकीत, वाफाळत्या गारठ्यात,
माझा एक थेंब अजून अडतीस वर्षांचा आहे.
त्याला गुडघा माहीत नाही.
केर्त्तू गेली, हे त्याला कुणी कळवलेलं नाही.
राउहाला म्हटलं, तो कधी वितळवू नकोस.
ती म्हणाली, वितळवलाय रे, चारदा. छान वाढतो.

शेवटची आली ती दोन हजार नऊच्या शरदात,
सोबत तुइरे नावाची विद्यार्थिनी, डबा तिच्या हातात.
पण सुई राउहानेच घेतली. तिचा हात थरथरत होता.
मी तिचं मनगट धरलं,
लंगर टाकताना दोर धरतात तसं, आवळून नाही.
सातवा व्रण त्यामुळे जरा वाकडा आहे.
तुइरेने वहीत वेळ लिहिली.
पलीकडच्या धक्क्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं,
आणि माझी अजून बाही खाली करायची होती.