झाड एक, तेही कुंपणात

नववीच्या वर्गाला मी एक तक्ता दिला:
शाळेच्या मैदानावरचा निसर्ग मोजा.
रकाने चार. झाडं, पक्षी, कीटक, इतर.
मुदत शुक्रवारपर्यंत.

ओलिव्हियेरनं लिहिलं, झाड एक, तेही कुंपणात.
पक्षी: कबुतर (धरायचं का?)
यागोदानं चारही रकान्यांतून एकच तिरकी रेघ ओढली
आणि खाली बारीक अक्षरात:
बाई, इथे डांबर आहे.

खोटं नाही.
हे वुच शहर. नावाचा अर्थ होडी,
आणि नद्या सगळ्या कधीच्या जमिनीखाली,
गिरण्यांच्या काळात विटांच्या नळांत घातलेल्या.
भूगोल मी शिकवते. नकाशावर
त्या नद्या तुटक रेघांनी दाखवायच्या असतात.

मार्चमध्ये ऊन पहिल्यांदा
व्यायामशाळेच्या भिंतीला टेकतं,
तेव्हा वर्गातली दांडगी, बेरकी, कुणाचं न ऐकणारी मुलं
तिथे ओळीनं पाठ लावून उभी राहतात,
डोळे मिटून, जॅकेटांच्या चेनी उघड्या,
सरड्यांसारखी.
कुणी शिकवलेलं नाही.
घंटा होऊन चार मिनिटं झाली तरी हलत नाहीत.
मी जिन्याच्या खिडकीतून बघते, चहा निवत जातो.
हे कुठल्या रकान्यात घालू?

आणि तिमेक.
त्या एकुलत्या लिंडनच्या कुंपणापाशी
त्याला सांगण्यात आलं की आता आपण नुसते मित्र.
ती बोलत होती. तो एक पान सोलत होता,
हिरवं तेवढं नखानं काढून,
शिरांची जाळी शाबूत ठेवत, सावकाश,
घाई केली तर काहीतरी फाटेल असा.
पुढच्या तासाला ती जाळी त्याच्या वहीत होती.
मी विचारलं नाही.

शाळेला उबेसाठी फोमचं आवरण चढवत होते.
परांची उभी राहिली, झरोक्यांना जाळ्या ठोकल्या.
मेच्या पहिल्या आठवड्यात पाकोळ्या आल्या,
एवढी आफ्रिका ओलांडून,
आणि गेल्या वर्षीच्या भोकावर येऊन आपटू लागल्या.
गणिताच्या तासाला, ठक.
समीकरण सुटेपर्यंत पुन्हा ठक.

मधल्या सुट्टीत एक खाली पडली.
डांबरावर पसरलेले दोन कोयते,
पाय असून नसल्यासारखे.
मुलांनी फोन काढले,
मग, का कोण जाणे, परत खिशात ठेवले.
ओलिव्हियेरनं हुडी काढून तिला उचललं.
हिचं काळीज केवढं धडधडतंय, असं काही तो म्हणाला नाही.
म्हणाला, शी, हिच्या अंगात किडे आहेत,
आणि तरी सोडली नाही.

हात उंच, तळवा उघडा.
एक मिनिट. दोन.
पन्नासेक मुलं गप्प, इतकी
की गटाराच्या झाकणाखालून
पाणी जाताना ऐकू आलं.
मग तळवा रिकामा होता.
उडताना नेमकं कुणी पाहिलं नाही,
माझीही पापणी तेवढ्यातच लवली.

बाई, याचे मार्क आहेत?
नाही.
मग बरं, म्हणाला,
आणि बाहीवरची एक चपटी माशी
चिमटीत धरून तिचं काय करावं
हे बराच वेळ ठरवत राहिला.

सोमवारी तिसऱ्या मजल्यावरची एक जाळी
वाकवलेली सापडली.
मुख्याध्यापिकांनी चौकशी लावली.
मी सांगितलं, वारा असेल.
भूगोलाच्या कपाटातली पक्कड
मंगळवारी आपोआप जागेवर आली.

सगळ्यात उशिरा तक्ता दिला सोलोमियानं.
खार्किव्हहून आलेली, पोलिश अजून जपून बोलते.
तीन रकाने कोरे.
इतर: नदी. एक. दिसत नाही.
मी मान वर केली तर
तिच्या उजव्या गालावर
झाकणाची लोखंडी नक्षी उमटलेली,
चौकोन आणि चौकोन,
अजून लालच.