आधीच्याचं पीठ

वाढोण्यात माझी गिरणी. गुरुवारी लाइन उशिरा येते.
डबे रांगेत बसतात, माणसं ओट्यावर.

मठातल्या कमळाआई, गहू चार किलो.
कधी न बोलणाऱ्या, आज म्हणाल्या,
"मी मौनात हाओ, असं सांगाले तोंड उघडाच लागते ना बाप्पा."

मेहमूदशा हसला. त्याची जवारी दारोदारची,
पांढरी, पिवळी, थोडी किडकी.
"झोळीले भोक पडलं," तो म्हणाला,
"तर मुर्शद म्हणे, आंधी पाखरायले विचार. मंग शिव."

झिंगरू भुमक दारातच उकिडवा, पुढ्यात मका.
त्याचा देव मोहाच्या खोडात.
नाव विचारलं, तर माझ्याकडेच पाहत राहिला,
"तो हाय न तेथी. हाका कायले माराच्या?"

मी काही लिहून घेतलं नाही.
माझ्या वहीत फक्त किलो आणि पैसे.

लाइन आली. पट्टा फडफडला,
तिघांचंही बोलणं घरघरीत बुडालं.

संध्याकाळी नवे गुरुजी आले, उपासाचा राजगिरा घेऊन.
"निखळ पाहिजे. कोणाचं मिसळू नका."
मी म्हटलं, गुरुजी, पहिली मूठ कोंबड्यांची,
तरी आधीच्याचं थोडं येतेच.
ते डबा उचलून परत गेले.

रात्री टाकी लावायला जातं उघडलं.
खाचांमध्ये पीठ बसलेलं, दाबून, ओलसर.
बोटानं काढलं, जिभेवर ठेवलं.
गहू असावा. की मका.
कडवट काहीतरी, बहुतेक ती किडकी जवारी.

टाकी तशीच मांडीवर.
एक मुंगी दगडावर चढली, कण उचलून
भिंतीच्या फटीत निघून गेली.