पहिला मुक्काम

कोंबड्या फ्लेटबाईंकडे दिल्या.
"अंड्यांचा हिशेब ठेवू का?" त्यांनी विचारलं.
किती वर्षांचा, ते आम्हालाच ठाऊक नव्हतं.

घर विकून पाववाल्याची जुनी व्हॅन घेतली.
अजून तिच्या सांदीकोपऱ्यांतून पीठ निघतं,
पोरांच्या कोपरांना, उशांना, नकाशाला लागतं.
एर्लेंडनं ट्रेच्या खाचांवर फळ्या बसवल्या:
वरच्या खणात सनिवा, मधल्यात रॉग्नी,
खाली बटाटे, बूट आणि माझं शिवणयंत्र,
ज्यावरचं भांडण अजून मिटलेलं नाही.

आधी पोर्तुगाल, मग मोरोक्को, मग बघू.
बोटीतून उतरलो, दोन मैल गेलो,
आणि सायलेन्सर गळून रस्त्यावर पडला.
मेकॅनिक सोमवारी येईल म्हणे.
आज शुक्रवार.

म्हणून पहिली रात्र इथं, मेंढ्यांच्या कुंपणाशी,
आणि समोर, सामुद्रधुनीपलीकडे, आमचंच ऑर्कनी,
हॉयचे डोंगर इतके स्वच्छ की लाज वाटावी.
"आपण जगप्रवासाला निघालोय ना?" रॉग्नी म्हणाला.
सूप उतू गेलं, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही.

काळोख झाल्यावर घंटा वाजली.
आमच्याच दाराची, पितळी,
सनिवानं स्क्रू काढून मोज्यात दडवून आणलेली.
विकलेल्या घरातली वस्तू, म्हणजे चोरीच.
रागवायला हवं होतं मी.

एर्लेंड उठला, व्हॅनचं दार सरकवलं.
बाहेर वारा, ओलं गवत,
एक मेंढी रवंथ करत बघत उभी.
"या," तो म्हणाला,
"पाय तेवढे पुसून या."