लोह

ग्दिन्याच्या गोदीत बोगुमिला बावीस वर्षं
जहाजांचे पत्रे सांधते,
आणि डॉक्टरीणबाई म्हणतात, रक्तात लोहच नाही.
हिमोग्लोबिन आठ.
गर्भाशयातली गाठ काढू, पण आज नाही.

सहा आठवडे.
संत्र्याच्या रसासोबत गोळी,
चहा मागाहून, दोन तासांनी.
सिगारेट बंद. कमी नव्हे, बंद.

जेवणाच्या सुट्टीत हात खिशाशी जातो,
रिकामाच परततो.
लुत्सिनाचा धूर वाऱ्यावर येतो,
ती तोंड फिरवत नाही. हुंगते.

एकविसाव्या दिवशी ओढली एक. अर्धी.
भूलतज्ज्ञाला तेही सांगितलं,
त्यानं नुसतं लिहून घेतलं.

आज अकरा.
तिसऱ्या मजल्यावर
ती सवयीनं थांबली, कठडा धरून,
आणि धाप शोधत राहिली.