फळी

लोस्टॉफ्टच्या बंदरामागं, उताराच्या गल्लीत,
एनिड थर्कटलबाई मला ज्यावर जेवू घालतात
ती त्यांच्या सासऱ्याच्या होडीची फळी.
खिळ्यांची भोकं बुजलेली नाहीत. एकात मीठ साठतं.

"बोर्ड म्हणजे फळी, बाकी काही नाही,"
हेरिंग साफ करता करता त्या सांगतात,
"पुढचं सगळं तिच्यावर येऊन बसलं."

पाव येऊन बसला, तर पावालाच बोर्ड म्हणू लागले:
खोलीचे बारा पौंड, बोर्डचे वेगळे.
पत्ते पिसणारे बसले,
त्यांचे हात फळीच्या वर दिसले की डाव खरा.
मग कोटवाले बसले, इतका वेळ बसले
की त्या माणसांचंच नाव बोर्ड पडलं.
चहा निवायच्या आत त्यांनी मासळीचा धक्का बंद केला.

होडीच्या कडेलाही तोच शब्द.
रेजिनाल्ड त्या कडेवरून गेला, एकोणसत्तरच्या नोव्हेंबरात.
हे सांगताना बाई फळीवरचा एक काटा उचलतात,
पुन्हा तिथंच ठेवतात.

आज दारात नवा बोर्ड ठोकलाय: विकणे आहे.
"फळीच ती. तिचा काय दोष?"

टेबलाचे पाय मी सोडवले.
दोघांनी दोन टोकं धरली.
उंबऱ्याशी त्या ओरडल्या,
"अरे, आडवी नको!
आधी नाळ. पाण्यात लोटतात तशी."